पिनकोडाची कुंडली : मोठी संख्या हाताने उलगडायची कशी

मोठी संख्या समोर आली की तिला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. ती मूळ की संयुक्त? संयुक्त असेल तर मूळ अवयव कोणते? विभाजक किती, त्यांची बेरीज किती? वर्गसंख्येच्या जवळपास आहे का? यातला अवयवांचा प्रश्न सुटला की बाकीची उत्तरं दहा मिनिटांत निघतात, आणि तोच चुकला तर खालचं सगळं चुकतं. म्हणून या लेखातली बरीचशी जागा अवयव पाडण्यातच जाणार आहे.

सरावासाठी संख्या लांबून आणायची गरज नाही. कोल्हापूर शहरातल्या पत्त्यांखाली ४१६० ने सुरू होणारे सहा आकडी पिनकोड असतात. ४१६००१, ४१६००३ आणि शेजारच्या सांगलीचा ४१६४१६ हे तिघे घेऊ. एकाच घराण्यातले दिसतात, पण स्वभावाने तिघं तीन दिशांना आहेत.

लागणारं सामान

रेघी वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर. शंभरपर्यंतच्या २५ मूळ संख्या पाठ हव्यात. पाठ नसतील तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लिहिताना ५१, ५७, ८७ आणि ९१ हे चौघे हमखास आत घुसतात. ५१ म्हणजे ३ × १७, ५७ म्हणजे ३ × १९, ८७ म्हणजे ३ × २९, ९१ म्हणजे ७ × १३. शंभराच्या पुढे ११९, १३३, १६१, २१७ (सगळे सातच्या पाढ्यातले) आणि १४३, १८७, २२१, २४७ असेच फसवतात. अशा संख्येने भागून पाहिलं तर फक्त वेळ जातो. खरी चूक होते ती अंतिम उत्तरात ९१ ला मूळ अवयव म्हणून लिहिल्यावर.

पायरी पहिली : आधी वर्गमूळ, मग भागाकार

नवखा माणूस थेट भागायला बसतो, आणि कुठे थांबायचं हे त्याला माहीत नसतं. थांबायची जागा म्हणजे वर्गमूळ. अवयव जोडीने येतात. जोडीतले दोघंही वर्गमूळापेक्षा मोठे असतील तर गुणाकार दिलेल्या संख्येच्या पुढे जाईल. म्हणजे एक तरी अवयव वर्गमूळाच्या आत सापडलाच पाहिजे.

४१६००१ साठी वर्गमूळाचं बटणसुद्धा लागत नाही. शेवटी ५ असलेल्या संख्येच्या वर्गाची शाळेतली युक्ती आठवा: ६४५ चा वर्ग करायचा तर ६४ ला पुढच्या ६५ ने गुणा, ४१६० येतात, आणि पुढे २५ लिहा. ४१६०२५. म्हणजे ४१६००१ हा ६४५ च्या वर्गापेक्षा फक्त २४ ने कमी आहे. वर्गमूळ ६४५ च्या किंचित अलीकडे, आणि त्याआधीची शेवटची मूळ संख्या ६४३. ६४३ पर्यंत एकूण ११७ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार करावे लागले असते तर हा लेख इथेच संपवला असता. पण एकेक अवयव हाती लागेल तशी ही हद्द भराभर आत सरकते.

पायरी दुसरी : फुकटातल्या कसोट्या

२ आणि ५ साठी एकक स्थानचा अंक पाहा. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज करा. हे सगळ्यांना येतं, पुढे जाऊ.

७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एकाच दमात होते, आणि ही युक्ती नीट शिकून घेण्यासारखी आहे. ७ × ११ × १३ = १००१. हजाराला या तिघांपैकी कुणीही भागलं की तो एकाने कमी पडतो. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि गटांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करायची. जे उरेल त्याला तिघांपैकी ज्याने निःशेष भाग जातो, त्यानेच मूळच्या संख्येलाही जातो.

४१६ | ००१ : फरक ४१५. ७ ने बाकी २, ११ ने ८, १३ ने १२. तिघेही बाद.

४१६ | ००३ : फरक ४१३, म्हणजे ७ × ५९. सातने भाग जातो. ११ आणि १३ बाद.

४१६ | ४१६ : फरक शून्य. तिघांनीही भाग जातो. एकही भागाकार न करता सांगलीच्या पिनकोडाचे तीन अवयव हातात आले.

इथली ठरलेली चूक स्वल्पविरामाची. आपण संख्या ४,१६,००१ अशी लिहितो, हजारानंतर दोन-दोन अंक. सवयीने तेच गट उचलले तर १ − १६ + ४ असं काहीतरी निघतं आणि उत्तराला अर्थ राहत नाही. कसोटीपुरते स्वल्पविराम विसरा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांवर उभी रेघ मारा.

पायरी तिसरी : ४१६००१ पूर्ण उलगडून

अंकांची बेरीज १२. तीनने भाग जातो, नऊने नाही.

४१६००१ = ३ × १३८६६७

नवी संख्या १३८६६७, तिचं वर्गमूळ ३७२ च्या जरा पुढे. हद्द ६४३ वरून ३७२ च्या आत आली. तीन पुन्हा लावून पाहा: बेरीज ३१, जात नाही. ७, ११, १३ परत तपासायचे नाहीत. अख्ख्या संख्येला जे भागत नाही ते तिच्या अवयवालाही भागणार नाही.

१७ × ८१५६ = १३८६५२, बाकी १५.
१९ × ७२९८ = १३८६६२, बाकी ५.
२३ × ६०२९ = १३८६६७. मिळाला.

डोळा तयार असेल तर हा २३ भागाकाराआधीच दिसतो. १३८ | ६६७ कडे पाहा: १३८ म्हणजे २३ × ६ आणि ६६७ म्हणजे २३ × २९. दोन्ही गट एकाच पाढ्यातले.

आता उरला ६०२९. ७७ चा वर्ग ५९२९, ७८ चा ६०८४, म्हणून हद्द ७७. २३ पुन्हा लावा: २३ × २६२ = ६०२६, बाकी ३, जात नाही. पुढे २९ पासून ७३ पर्यंत बाराच मूळ संख्या उरतात. वहीत फक्त भाजक आणि बाकी लिहीत जा:

२९ → २६, ३१ → १५, ३७ → ३५, ४१ → २, ४३ → ९, ४७ → १३, ५३ → ४०, ५९ → ११, ६१ → ५१, ६७ → ६६, ७१ → ६५, ७३ → ४३

कुठेही शून्य नाही. ६०२९ मूळ संख्या आहे. यात ६७ वर घाई करू नका. ६७ × ९० = ६०३०, म्हणजे फक्त एकाचा फरक. कॅल्क्युलेटर ८९.९८५ दाखवतो आणि कुणीतरी त्याला ९० समजून मोकळा होतो.

४१६००१ = ३ × २३ × ६०२९

कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची असेल तर भागाकारातला दशांशापुढचा भाग भाजकाने गुणा. १३८६६७ ÷ १९ = ७२९८.२६३१५…, आणि ०.२६३१५ × १९ म्हणजे ५ ला टेकणारी संख्या. बाकी ५. बाकी लिहायचा कंटाळा करू नका, कारण नुसत्या फुल्या मारल्या तर मागाहून चूक कुठे झाली हे शोधता येत नाही.

४१६००३ आणि ४१६४१६

४१६००३ = ७ × ५९४२९. वर्गमूळ २४४ च्या आत. इथे थोडं चालावं लागतं. ७ पुन्हा जात नाही (बाकी ६), मग १७, १९, २३ करत ६१ पर्यंत सगळे कोरडे, आणि ६७ वर गाठ पडते: ५९४२९ = ६७ × ८८७. ८८७ ची वेगळी चौकशी लागत नाही. ६७ च्या आधीच्या सगळ्या मूळ संख्या आपण चाळून झालो आहोत आणि ६७ चा वर्ग ४४८९ हा ८८७ च्या कितीतरी पुढे आहे. तो मूळच. बरेच जण इथे पुन्हा दोनपासून सुरुवात करतात आणि दहा मिनिटं घालवतात.

४१६४१६ म्हणजे ४१६ × १००१. आणि ४१६ = ३२ × १३. म्हणून

४१६४१६ = २⁵ × ७ × ११ × १३²

तेरा दोनदा आला याकडे लक्ष द्या. एक ४१६ मधून, एक १००१ मधून. गट-कसोटीने तेरा आहे एवढंच कळतं, किती वेळा आहे हे कळत नाही. प्रत्येक अवयव मिळाला की तोच पुन्हा लावायचा, भाग जायचा थांबेपर्यंत.

पायरी चौथी : ताळा

अवयव मिळाले की ताळा करा. नऊचा ताळा जुन्या हिशेबनिसांचा आहे: प्रत्येक अवयवाच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा, त्या बेरजा गुणा, पुन्हा एका अंकावर आणा. ३ → ३, २३ → ५, ६०२९ → १७ → ८. ३ × ५ × ८ = १२० → ३. आणि ४१६००१ → १२ → ३. जुळलं.

पण नऊच्या ताळ्याला एक दोष आहे. अंक उलटसुलट झाले तर तो पकडत नाही. ४१६००१ ऐवजी ४१६०१० लिहिलं तरी उत्तर ३ च. म्हणून जोडीला अकराचा ताळा ठेवा: उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-वजा करायचे. ४१६००१ : १ − ० + ० − ६ + १ − ४ = −८, त्यात ११ मिळवले की ३. अवयवांकडून: ३ चा ३, २३ चा १, ६०२९ चा ९ − २ + ० − ६ = १. गुणाकार ३. जुळलं. ४१६०१० चा अकराचा ताळा १ येतो, तिथे चोरी उघडी पडते. सुरुवात डावीकडून केली तर सहा आकडी संख्येत चिन्ह उलटतं, म्हणून कायम एकक स्थानापासून मोजा.

पायरी पाचवी : कुंडली मांडणे

आता मजेचं काम. अवयवांचे घात घ्या, प्रत्येकात एक मिळवा आणि गुणा: विभाजकांची संख्या मिळते. ४१६००१ मध्ये तिन्ही घात १, म्हणून २ × २ × २ = ८ विभाजक. ते असे: १, ३, २३, ६९, ६०२९, १८०८७, १३८६६७, ४१६००१. ४१६००३ चेही आठच. सांगलीकराचे (५+१)(१+१)(१+१)(२+१) = ७२. कोल्हापूरकरांनी हे मनाला लावून घेऊ नये.

विभाजकांची बेरीज: प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या मोठ्यात मोठ्या घातापर्यंत बेरीज करून त्या बेरजा गुणायच्या. ४१६००१ साठी ४ × २४ × ६०३० = ५७८८८०. यातून संख्या स्वतः वजा केली की १६२८७९. आपल्याच छोट्या विभाजकांची बेरीज स्वतःच्या निम्मीही नाही, म्हणजे ही तुटीची संख्या. ४१६४१६ साठी ६३ × ८ × १२ × १८३ = ११०६७८४, स्वतःला वगळून ६९०३६८. स्वतःपेक्षा जास्त, म्हणून वाढीची संख्या. चूक हटकून होते ती घातांपाशी: २⁵ साठी १ + २ + ४ + ८ + १६ + ३२ = ६३ घ्यायचे, १ + ३२ = ३३ नाही.

ऑयलरचा फाय, म्हणजे संख्येच्या आतल्या किती संख्यांचा तिच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नाही: सगळे घात १ असतील तर प्रत्येक अवयवातून एक वजा करून गुणा. ४१६००१ साठी २ × २२ × ६०२८ = २६५२३२. घात जास्त असेल तर उरलेले घात तसेच गुणायचे. ४१६४१६ मध्ये १३² चा वाटा १२ × १३, आणि एकूण उत्तर १४९७६०.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हे अवयवांवरूनच सांगता येतं. चारने भागल्यावर ३ बाकी देणारा एखादा मूळ अवयव विषम घाताने आला असेल तर नाही. ४१६००१ मध्ये ३ आणि २३ दोघंही तसे, म्हणून नाही. वर्गांच्या फरकाने मात्र लिहिता येते, विभाजकांच्या जोडीवरून: ६९ आणि ६०२९ यांची सरासरी ३०४९, फरकाचा निम्मा २९८०, म्हणून ३०४९² − २९८०² = ४१६००१.

फर्माची अवयव-पद्धत हीच वाट उलट चालते: वर्गमूळाच्या वरून सुरू करून वर्ग वजा करत जायचे आणि फरकही वर्ग कधी होतो ते पाहायचं. ६४५² शी फरक फक्त २४, तेव्हा लगेच जमेल असं वाटतं. जमत नाही. ६४५ पासून ३०४९ पर्यंत चोवीसशे पायऱ्या होतात. ही पद्धत दोन अवयव एकमेकांजवळ असले तरच कामाची.

आठ आकडी संख्या

आता जरा मोठी. पिनकोडाचे पहिले चार अंक ४, १, ६, ० घ्या. उतरत्या क्रमाने ६४१०, चढत्या क्रमाने ०१४६. फरक ६२६४. पुन्हा तेच: ६६४२ − २४६६ = ४१७६. पुन्हा: ७६४१ − १४६७ = ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसतील तर कुठलीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. देवळालीला शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये हे शोधलं. पायऱ्यांमध्ये तीन अंकी फरक आला तर डावीकडे शून्य लावून चार अंक करायला विसरू नका, नाहीतर गाडी भलत्याच रुळावर जाते.

६१७४ दोनदा शेजारी लिहा: ६१७४६१७४, म्हणजे सहा कोटी सतरा लाख शेहेचाळीस हजार एकशे चौऱ्याहत्तर. उलगडू.

२ ने : ३०८७३०८७. अंकांची बेरीज ३६, ९ ने : ३४३०३४३. बेरीज २०, तीन संपला.
७ ने : ४९००४९. पुन्हा ७ ने : ७०००७. पुन्हा : १०००१. चौथ्यांदा बाकी ५, थांबा.

१०००१ चं वर्गमूळ शंभरच्या किंचित पुढे, म्हणून ९७ पर्यंत पाहायचं. ७३ वर मिळतं: ७३ × १३७. १३७ मूळ.

६१७४६१७४ = २ × ३² × ७³ × ७३ × १३७

विभाजक २ × ३ × ४ × २ × २ = ९६. विभाजकांची बेरीज ३ × १३ × ४०० × ७४ × १३८ = १५,९३,०७,२००. ही बेरीज नऊ आकडी आहे, आणि आठ आकडी कॅल्क्युलेटर इथे चूक दाखवून थांबतो. कोल्हापूरच्या गुजरीत किंवा लक्ष्मीपुरीत दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसा बारा आकडी घ्या.

याच संख्येवर गट-कसोटी लावली तर ६१ | ७४६ | १७४ : १७४ − ७४६ + ६१ = −५११, आणि ५११ = ७ × ७३. सात खरा. पण ‘७३ पण मिळाला’ असं इथे म्हणू नका. ७३ ने भाग जातो हे खरं असलं तरी ही कसोटी ते सिद्ध करत नाही. १००१ मध्ये ७३ नाही, १०००१ मध्ये आहे. ७३ साठी चार-चार अंकांचे गट पाडावे लागतात.

कापरेकरांनी अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या म्हटलं. ६१७४ ची बेरीज १८, भागाकार ३४३, शिवाय तो ७ चा घन. हर्षद. ४१६४१६ ची बेरीज २२, भागाकार १८९२८. हर्षद. ६१७४६१७४ ची बेरीज ३६, पण शेवटच्या ७४ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून नाही. ४१६००१ आणि ४१६००३ विषम आणि त्यांच्या बेरजा १२ आणि १४ सम, त्यामुळे विचारायचंच नाही.

यंत्राकडे जाताना

दहा-बारा आकड्यांपुढे हाताने जाण्यात अर्थ नाही. पण एक्सेलच्या तक्त्यात भरवशाने टाकू नका. तो पंधरा अंकच नीट धरतो आणि सोळाव्यापासून पुढचे अंक गुपचूप शून्य करतो. अशा संख्येची बाकी काढली आणि उत्तर आलं, तरी ते दुसऱ्याच संख्येचं असतं. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्णांकाला ही मर्यादा नाही, फक्त भागाकारासाठी दोन तिरक्या रेघा वापरा. एकाच रेघेने उत्तर दशांशात जातं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक पुन्हा हरवतात.

मूळ संख्या ओळखायला यंत्रं बऱ्याचदा घाताची कसोटी लावतात: २ चा (संख्या वजा १) एवढा घात करून त्याच संख्येने भागायचं. बाकी १ आली नाही तर ती नक्की संयुक्त. १ आली तर मात्र फक्त संशय. याचा ठळक साक्षीदार आपल्याला आधीच भेटला आहे: ६४५. शेवटी पाच, म्हणजे डोळे झाकून संयुक्त (३ × ५ × ४३), तरीही २ च्या ६४४ व्या घाताला ६४५ ने भागलं की बाकी १ च उरते. ३४१ आणि ५६१ हेही त्यातलेच.

सरावाला

शिवाजी विद्यापीठाच्या पत्त्यातला ४१६००४ घ्या. ४ आणि ३ लगेच निघतात, उरतो ३४६६७. हद्द १८६, म्हणजे १८१ पर्यंत जावं लागतं, आणि शेवटी तो मूळ निघतो. वाटेत १०७ पाशी जपून: १०७ × ३२४ = ३४६६८, पुन्हा एकाचाच फरक. विभाजक बारा यायला हवेत. आठ आले तर २ चा घात दोनऐवजी एकच धरला आहे.